कुमारी ॲमी जॉन्सन व तिचे जेसन विमान

सन १९३० च्या मे महिन्यातील एका तापलेल्या सायंकाळी झाशीच्या छावणीत एक विलक्षण प्रकार घडला. पलटणीच्या कवाइतीच्या मैदानावर आकाशातून एक हिरवे, दुपंखी, इवलेसे विमान उतरले. ते जमिनीला टेकले खरे, पण थांबेना. सैनिक इकडे तिकडे पळाले, आणि विमान धावत धावत बराकींपर्यंत जाऊन तेथे अडकले व त्याचा एक पंख मोडला. अधिकारी धावत आले. आत कोणी रांगडा वैमानिक असेल असे त्यांस वाटले होते. पण उतरली ती सव्वीस वर्षांची एक सडपातळ मुलगी! अंगात सदरा व आखूड विजार, चेहरा उन्हाने भाजलेला, आणि डोळे झोपेवाचून तारवटलेले. ती लंडनहून एकटीच निघाली होती व ऑस्ट्रेलियास चालली होती. समोरच्या वाऱ्याने पेट्रोल अधिक खर्च झाले, अलाहाबादेपर्यंत ते पुरणार नाही असे दिसले, म्हणून ती वाटेत झाशीस उतरली होती. ही मुलगी म्हणजेच कुमारी ॲमी जॉन्सन.

ॲमीचा जन्म ता. १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. वडील मासळीचे घाऊक व्यापारी. चार बहिणींत ॲमी वडील. शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्र हा विषय घेऊन तिने बी. ए. ची पदवी मिळविली. पुढे काय करावे हे मात्र तिला उमगेना. काही दिवस जाहिरातींच्या कचेरीत, काही दिवस दुकानात, आणि अखेर लंडनमध्ये एका सॉलिसिटरकडे टंकलेखिका, असे तिचे चालले होते. पदवी पदरात पडूनही मन कोठेच रमत नाही, अशी तरुण माणसे पालकांच्या चांगल्या परिचयाची असतील.

सन १९२८ मध्ये एका रविवारी ती बसगाडीत बसून सहज फिरावयास निघाली आणि लंडनच्या उत्तरेस असलेल्या स्टॅग लेन या विमानांच्या मैदानापाशी उतरली. तेथे लंडन एरोप्लेन क्लब होता. हौशी लोकांनी स्वस्तात विमान चालविण्यास शिकावे म्हणून असे क्लब इंग्लंडात १९२५ पासून निघाले होते व सरकार त्यांना द्रव्यसाहाय्य देत असे. तरीही तासाला सुमारे तीस शिलिंग पडत. टंकलेखिकेच्या पगारातून एवढी रक्कम काढणे सोपे नव्हे. पण ॲमीने नाव घातले.

पहिला धडा सप्टेंबरात झाला व तो पुरता फसला. उसने घेतलेले चामडी शिरस्त्राण तिच्या डोक्याला फार मोठे होते. त्यातील ऐकण्याच्या नळ्या कानांवर न बसता भलतीकडेच सरकल्या, आणि पुढे बसलेल्या शिक्षकाचे बोलणे तिला एक अक्षरही ऐकू येईना. शिक्षकाने मात्र असे ठरविले की, या मुलीच्या अंगी उड्डाणाचे गुण नाहीत, आणि तसे त्याने तिला तोंडावर सांगितले. हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटते. कारण आम्ही शिक्षक पुष्कळदा असेच करतो. मुलाच्या कानापर्यंत आपला शब्द पोहोचला की नाही हे न पाहताच त्याच्यावर मंदबुद्धीचा शिक्का मारून मोकळे होतो!

परंतु एवढे खरे की, ॲमी ही जन्मजात वैमानिक नव्हती. साधारण विद्यार्थी आठ-दहा तासांच्या शिकवणीनंतर एकटा उडू लागे. तिला सुमारे सोळा तास लागले. विशेषतः विमान खाली उतरविणे तिला जड जाई, व ही उणीव पुढेही कायमची पुरती गेली नाही. विमान वर नेणे त्या मानाने सोपे. उतरताना जमीन किती हात खाली आहे याचा अंदाज नजरेने घ्यावा लागतो, वेग कमी करीत करीत नेमक्या क्षणी नाक किंचित वर उचलावे लागते, आणि मग यंत्र आपोआप अलगद टेकते. क्षणभर आधी उचलले तर ते धप्पकन आदळते. क्षणभर उशीर झाला तर चाके आपटून उसळी घेते. त्यातून त्या काळच्या मॉथ विमानाला चाकांचे ब्रेक नसत. शेपटीखाली एक घसरपट्टी असे; ती जमिनीवर घासून विमानाचा वेग कमी होई, तेवढाच काय तो अटकाव. झाशीस जे घडले त्याचे मर्म यातच आहे.

ता. ६ जुलै १९२९ रोजी तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. येथवर आलेले हौशी लोक रविवारी मित्रांस घेऊन आकाशात एक फेरी मारीत आणि खाली येऊन चहा घेत. ॲमीचे पाय मात्र क्लबच्या कारखान्याकडे वळले. जॅक हम्फ्रीज नावाचे तेथील मुख्य यंत्रज्ञ होते. त्यांच्या हाताखाली ती इंजिने उघडू लागली. कचेरीत जाण्यापूर्वी सकाळी व तेथून सुटल्यावर सायंकाळी ती तेलाने माखलेला अंगरखा घालून कामास लागे. प्रथम तेथील कामकरी तिला पाहून हसले असतील. पण थोड्याच दिवसांत ते तिला जॉनी या पुरुषी नावाने हाका मारू लागले. पुढे तिने टंकलेखनाची नोकरीही सोडली, आणि सन १९२९ च्या अखेरीस विमानांची दुरुस्ती व तपासणी करण्याचा सरकारी परवाना मिळविला. हा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय. माझ्या मते तिच्या चरित्रातील खरी मोठी गोष्ट हीच. ऑस्ट्रेलियाचा प्रवास हे तिचे फळ. लहान विमानात दुसरा मनुष्य नसतो. आणि इंजिन बंद पडले की ज्याच्या हातात सुकाणू त्याच्याच हातात पानाही असावा लागतो.

ऑस्ट्रेलियास एकटे जाण्याची कल्पना तिने बोलून दाखविली, तेव्हा पैसे देण्यास फारसे कोणी पुढे येईना. तिचा लांबात लांब प्रवास म्हणजे लंडनहून आपल्या गावी हलला, सुमारे दीडशे मैल! एकंदर उड्डाणाचे तास शंभरही भरले नव्हते. अखेर तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी निम्मी मदत केली व निम्मा पैसा वडिलांनी दिला. मासळीच्या व्यापारातील मिळकत मुलीच्या अशा साहसासाठी काढून देताना त्या पित्याच्या मनात काय आले असेल? त्याने ती दिली, एवढे आपणांस ठाऊक आहे. सहाशे पौंडांस एक वापरलेले जिप्सी मॉथ घेतले गेले, आणि वडिलांच्या मालावरील व्यापारी छापाचे नावच त्याला दिले. ते नाव जेसन.

हे यंत्र केवढे होते ते पाहा. लाकडाची चौकट, तीवर ताणलेले कापड, पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस फूट, आणि शंभर अश्वशक्तीचे चार नळकांड्यांचे इंजिन. पंख मागे दुमडले की विमान गाडीखान्यात मावे. वेग ताशी सुमारे पंच्याऐंशी मैल. बसण्याची जागा उघडी. ऊन, पाऊस, वारा सर्व अंगावर. बिनतारी यंत्र नाही. जादा टाक्यांतील पेट्रोल हाताने पंप मारून वरच्या टाकीत चढवावे लागे, व त्या वासाने तिला मळमळत असे. एक जादा मळसूत्री पंखा तिने विमानाच्या कुशीला बांधून घेतला होता. ही खबरदारी किती उपयोगी पडली ते पुढे येईलच.

ता. ५ मे १९३० रोजी सकाळी ती क्रॉयडनच्या मैदानावरून निघाली. निरोपास वडील व काही मंडळी होती; जगाला तिची वार्ताही नव्हती. नकाशावर तिने सरळ रेषा आखली होती: व्हिएन्ना, कॉन्स्टॅंटिनोपल म्हणजे आजचे इस्तंबूल, अलेप्पो, बगदाद. ही वाट सर्वांत जवळची, पण तुर्कस्तानातील टॉरस पर्वतावरून जाणारी. पेट्रोलाच्या ओझ्याने विमान फार उंच चढेना, म्हणून ती खिंडीतून निघाली. तोच ढगांनी वेढले आणि ढग विरळ झाले तेव्हा समोर कडा उभा! कशीबशी ती वळली. बगदादच्या अलीकडे वाळूचे वादळ भेटले; वाळवंटात उतरून, विमान उलटू नये म्हणून सामान चाकांपाशी रचून, वादळ शमेपर्यंत ती तेथे बसून राहिली. प्रत्येक मुक्कामी इतर प्रवासी जेवून झोपतात, तेव्हा हिचे दुसरे काम सुरू होई. तेल बदलणे, ठिणगीचे प्लग साफ करणे, पेट्रोल गाळून भरणे, हे सर्व आटोपल्यावर जे दोन-तीन तास उरत, तेवढीच झोप.

सहाव्या दिवशी ती कराचीस पोहोचली. ऑस्ट्रेलियाचे वैमानिक बर्ट हिंकलर यांनी १९२८ साली हीच मजल आठ दिवसांत गाठली होती. दोन दिवसांची बचत झालेली पाहताच वृत्तपत्रे जागी झाली. त्याच मे महिन्यात कराची व क्रॉयडन यांच्या दरम्यान आणखीही जिप्सी मॉथ उडत होती. आगाखान यांनी एकट्याने हा प्रवास करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावले होते. त्यासाठी तरुण आस्पी इंजिनियर लंडनकडून इकडे येत होते, आणि जे. आर. डी. टाटा इकडून तिकडे जात होते. टाटांनी मुंबईच्या क्लबात शिकून १९२९ च्या फेब्रुवारीत परवाना मिळविला होता. दोघांची गाठ मिसर देशात पडली, तेव्हा टाटांनी आपले जादा प्लग आस्पींस देऊन टाकले; आणि बक्षीस आस्पींनी जिंकले! हलक्या विमानांचे ते दिवसच तसे होते; प्रतिस्पर्धी एकमेकांचे सोबतीही असत.

झाशीस मोडलेला पंख छावणीतील लोकांच्या मदतीने जोडून ॲमी अलाहाबादेस व तेथून कलकत्त्यास गेली. पुढे ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारात, पावसाने गाठले. रंगूनचे मैदान समजून ती जवळच्या इन्सीन येथील तंत्रविद्यालयाच्या खेळाच्या पटांगणावर उतरली. पुन्हा ब्रेक नसल्याची अडचण! विमान धावत जाऊन खड्ड्यात पडले. पंख फाटला, चाकांचा सांगाडा मोडला, पुढचा मळसूत्री पंखा तुटला. येथे सर्व संपले असे कोणासही वाटले असते. परंतु ज्या शाळेच्या अंगणात ती पडली ती कारागिरी शिकविणारी शाळा होती. शिक्षक व विद्यार्थी कामास लागले. लाकडी फासळ्या नव्या घडविल्या, लोखंडी काम भट्टीवर सरळ केले, आणि कापड? महायुद्धानंतर विमानांचे शिल्लक कापड स्वस्तात विकले गेले होते व त्याचे सदरे शिवलेले होते; ते सदरे उसवून पंखांस लावले, असे सांगतात. तुटलेल्या पंख्याच्या जागी कुशीला बांधलेला जादा पंखा बसला. तीन दिवसांत जेसन पुन्हा आकाशात गेले. त्या विद्यार्थ्यांची नावे इतिहासात नाहीत. पण त्यांच्यावाचून ही कथा रंगूनलाच संपली असती.

कराचीस मिळालेले दोन दिवस मात्र येथे गेले. पुढे जावा बेटात उतरताना बांबूच्या खुंटांनी पंखांस भोके पडली. ती औषधी चिकटपट्टीने बुजविली. तिमोर बेटावर एक रात्र तिचा पत्ताच नव्हता. अखेर पाचशे मैलांचा समुद्र ओलांडून ता. २४ मे रोजी ती डार्विन येथे उतरली. सुमारे अकरा हजार मैलांचा प्रवास साडेएकोणीस दिवसांत झाला. इंग्लंडाहून ऑस्ट्रेलियास एकटी उडत गेलेली ती पहिली स्त्री.

हिंकलरना मात्र साडेपंधरा दिवस लागले होते. जो विक्रम मोडण्यासाठी ती निघाली होती तो मोडला नाही, आणि याची रुखरुख तिच्या मनास लागून राहिली. जगाने तिकडे लक्ष दिले नाही. तारा, हार, मिरवणुका, तिच्यावर रचलेली गाणी! ब्रिस्बेनला हजारो लोकांसमोर उतरताना तिचे विमान उलटले, तरी लोकांचा उत्साह ओसरला नाही. लंडनच्या एका वृत्तपत्राने दहा हजार पौंड देऊन देशभर तिचा दौरा ठरविला. पण तो अर्ध्यावरच सोडावा लागला, कारण वाळवंटात न खचलेली ही मुलगी सत्कारांनी आजारी पडली. सिडनीच्या शाळकरी मुलांनी तिला सुवर्णनाणी भेट दिली होती. ती स्वतः खर्च न करता तिने त्यांतून सोन्याचा एक चषक घडविला, व हल शहरातील धैर्याचे कृत्य करणाऱ्या मुलास तो दरवर्षी द्यावा अशी व्यवस्था केली.

यापुढची वर्षे थोडक्यात सांगतो. सन १९३१ मध्ये हम्फ्रीज यांच्यासह ती जपानला गेली. १९३२ मध्ये प्रख्यात वैमानिक जिम मॉलिसन यांच्याशी तिचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी तिने केपटाऊनच्या प्रवासात पतीचाच विक्रम मोडला. दोघांनी मिळून अटलांटिकही ओलांडला. पण अमेरिकेत उतरताना विमान मोडून दोघेही जखमी झाले. हा संसार टिकला नाही. १९३८ मध्ये घटस्फोट झाला. १९३५ ते १९३७ या काळात ती स्त्री-इंजिनियरांच्या संस्थेची अध्यक्ष होती, आणि मुलींनी यंत्रविद्या शिकावी यासाठी तिने बरीच खटपट केली. पुढे विक्रमांचा तिला कंटाळा आला असावा. कारण ती इंजिनावाचून केवळ वाऱ्याच्या आधाराने तरंगणाऱ्या ग्लायडरकडे वळली. तेथे घड्याळाशी शर्यत नाही, वृत्तपत्रे नाहीत. स्टॅग लेनच्या मैदानावर जी मौज पाहून ती बसमधून उतरली होती, तीच तिला येथे पुन्हा सापडली असावी, असे मला वाटते.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ती विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविणाऱ्या दलात दाखल झाली. ता. ५ जानेवारी १९४१ रोजी वाईट हवेत ती ब्लॅकपूलहून एक विमान घेऊन ऑक्सफर्डजवळील तळाकडे निघाली. तासाभराच्या वाटेस कित्येक तास लोटले, आणि ती दिसली ते शंभर मैल दूर, टेम्स नदीच्या मुखाशी, हवाई छत्रीने बर्फासारख्या पाण्यात उतरताना. हॅसलमिअर या जहाजाने तिला वाचविण्याची शिकस्त केली. जहाजाचे प्रमुख वॉल्टर फ्लेचर यांनी स्वतः त्या पाण्यात उडी घेतली व त्यातच त्यांचे प्राण गेले. ॲमीचा देह सापडला नाही. ती इतकी वाट चुकली कशी, याविषयी अनेक तर्क झाले. उलगडा कशानेच झाला नाही.

जेसन मात्र तिच्या हयातीतच लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात गेले होते. ते हिरवे विमान तेथे छताखाली टांगलेले आहे.