विश्लेषण : पाठीच्या कण्याचे व्यायाम घराघरांत नेणारे वर्सोव्याचे योगेंद्रजी

पाठ धरली की फिजिओथेरपिस्ट आधी पुढे वाकायला सांगतात, मग मागे, मग दोन्ही बाजूंना आणि शेवटी कमरेतून वळायला. कण्याच्या या हालचाली आज कुणालाही माहीत आहेत. शंभर वर्षांपूर्वी मात्र आसने हा साधू-बैराग्यांचा प्रांत होता. नोकरदारांनी, बायकांनी त्या वाटेला जायचे नाही, असाच समज होता. तो मोडण्याचे काम अंधेरीजवळच्या वर्सोव्यात सुरू झाले.

कोण होते योगेंद्रजी?

मूळ नाव मणिभाई हरिभाई देसाई. जन्म १८ नोव्हेंबर १८९७, गुजरातमध्ये सुरत भागात. तरुणपणी कुस्तीचा नाद. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शिकायला आले आणि १९१६ मध्ये माधवबागेत परमहंस माधवदास यांची भेट झाली. कॉलेज सुटले. नर्मदाकाठच्या मालसर आश्रमात ते गुरूंजवळ राहिले. मात्र संन्यास न घेता परतले आणि २५ डिसेंबर १९१८ रोजी, वयाच्या २१व्या वर्षी, वर्सोव्यात दादाभाई नौरोजींच्या समुद्रकाठच्या घरी ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केली. दादाभाई दीड वर्षापूर्वीच निवर्तले होते.

कण्याची रचना कशी?

कण्यात एकूण ३३ मणके. मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५. त्याखालचे ५ जुळून त्रिकास्थी होते आणि शेवटचे ४ जुळून माकडहाड. म्हणजे हलणारे मणके २४च. त्यांच्यामधल्या गाद्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. दाब पडतो तेव्हा पाणी बाहेर जाते, दाब सुटला की आत येते. त्यामुळे तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे त्यांना मानवत नाही.

सगळे मणके सारखे वळतही नाहीत. कमरेच्या मणक्यांमागचे छोटे सांधे असे बसवलेले आहेत की तिथे वाकता येते, पण पीळ जेमतेम बसतो. वक्रासनात ‘कमरेतून वळा’ म्हटले जाते. प्रत्यक्षात बराचसा पीळ छातीच्या मणक्यांत पडतो. हे न समजता कमरेवर जोर देणारे दुखणे ओढवून घेतात.

बरगड्यांचा संबंध काय?

छातीच्या प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी, म्हणून जोड्या १२. वरच्या ७ कूर्चेने थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या ३ वरच्या कूर्चेला टेकलेल्या, शेवटच्या २ पुढून मोकळ्या. श्वास घेताना खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर-वर उचलल्या जातात आणि श्वासपटल खाली उतरते. पोक काढून बसले की दोघांनाही जागा कमी पडते. पाठ आणि श्वास यांची शिकवणी वेगवेगळी ठेवता येत नाही ती यामुळे. योगेंद्रजींच्या पद्धतीत तालासन, कोनासन अशा हालचाली श्वासाच्या तालावर होतात. बरगड्यांचा श्वास आणि श्वासपटलाचा श्वास वेगवेगळे शिकवले जातात.

याच माधवदासांचे दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि उड्डियानासारख्या क्रियांच्या क्ष-किरण तपासण्या केल्या. एकाच गुरूचे दोघे शिष्य, पण एकाचे लक्ष प्रयोगशाळेकडे, दुसऱ्याचे संसारी माणसाकडे.

पुढे काय झाले?

१९१९ मध्ये योगेंद्रजी अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कजवळ त्यांनी संस्थेची शाखा काढली, तिथल्या डॉक्टरांसमोर आसने करून दाखवली. परतल्यावर पुन्हा जायचे होते. पण १९२४ च्या स्थलांतर कायद्याने आशियातल्या लोकांना अमेरिकेचे दार बंद केले. मुंबईच्या दृष्टीने ते बरेच झाले म्हणायचे. १९२७ मध्ये सीतादेवींशी विवाह झाला. गुरूचा वारस म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते त्याने संसार थाटणे त्या काळी अनेकांना खटकणारेच होते. १९२८ मध्ये आसने सोपी करून सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. सीतादेवींनी स्त्रियांसाठीच्या योगव्यायामावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते लिहिणारी स्त्री असणे हेच तेव्हा नवे होते.

बरीच वर्षे बिऱ्हाड हलवत संस्था १९४८ मध्ये सांताक्रूझ पूर्वेला स्थिरावली. योगेंद्रजी १९८९ मध्ये गेले. पुढे पुत्र जयदेव यांनी काम सांभाळले. वर्ग आजही तिथेच भरतात.