शेंगदाण्याच्या तेलावर चाललेले इंजिन

डिझेल हा शब्द तुम्ही दिवसातून किती वेळा ऐकता? एसटी डिझेलवर चालते. उसाच्या ट्रॉल्या ओढत वारणानगरच्या साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. माझ्या लहानपणी कोडोलीच्या शिवारात काही विहिरींवर डिझेल इंजिने होती. वीज गेली की मळेकरी हँडल मारून ते इंजिन सुरू करायचा. आधी काळा धूर निघायचा, मग धक् धक् असा आवाज दूरपर्यंत ऐकू यायचा. एकदा मी वर्गात विचारले, डिझेल या शब्दाचा अर्थ काय? कोणी म्हणाले तेल, कोणी म्हणाले इंग्रजी शब्द आहे. खरे उत्तर कोणालाच आले नाही. डिझेल हे एका माणसाचे नाव आहे. त्या माणसाचे आयुष्य तुम्हांला सांगतो.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. त्यांचे आईवडील मूळचे जर्मन होते. वडील पुस्तकांची बांधणी करत आणि चामड्याच्या वस्तू बनवत. घरची परिस्थिती बेताचीच होती. लहान रुडॉल्फ वडिलांनी तयार केलेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवत असे. त्या शहरात यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. सवड मिळाली की तो तिथे जाऊन यंत्रे पाहत बसे.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमध्ये राहणारी जर्मन माणसे एका रात्रीत परकी झाली. डिझेल कुटुंबाला घरदार सोडून लंडनला जावे लागले. तिथे सगळ्यांचे पोट भरणे कठीण होते. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीतील ऑग्सबर्ग गावी नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. हे नातेवाईक गणिताचे शिक्षक होते. आईवडिलांची इच्छा अशी, की मुलाने जर्मन भाषा नीट शिकावी. आतापर्यंत त्याचे शिक्षण फ्रेंच भाषेत झाले होते. तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू बोलता आणि मराठी वेगळी शिकता. त्यामुळे त्या मुलाचे पहिले काही महिने कसे गेले असतील, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. पण तो मागे पडला नाही. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवले, की मला इंजिनिअर व्हायचे आहे. पुढे शाळेत त्याचा पहिला नंबर आला. शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला.

तिथे कार्ल फोन लिंडे नावाचे नामवंत प्राध्यापक होते. थंडी निर्माण करणारी यंत्रे, म्हणजे बर्फ तयार करण्याची यंत्रे, हा त्यांचा खास विषय होता. एकदा त्यांनी वर्गात वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. समजा, शंभर किलो कोळसा जाळला. त्यातून जी उष्णता मिळते, तिच्यातली जेमतेम दहा किलो कोळशाइतकी उष्णता कामी येते. बाकी सगळी धुरातून आणि वाफेतून वाया जाते. हा हिशेब रुडॉल्फच्या मनाला लागून राहिला. पुढची जवळजवळ पंधरा वर्षे तो त्याच्या डोक्यातून गेला नाही.

परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला आणि ठरलेल्या दिवशी परीक्षा देता आली नाही. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधील एका यंत्रकारखान्यात काम केले. १८८० साली तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. लिंडे यांनीच त्याला पॅरिसच्या बर्फ कारखान्यात नोकरी दिली.

नोकरी बर्फाची होती, पण डिझेल यांचे लक्ष इंजिनात होते. पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवून पाहावे, असे त्यांनी ठरवले. त्या प्रयोगात एकदा मोठा स्फोट झाला. अनेक महिने ते रुग्णालयात होते. शेवटी त्यांनी वाफेचा नाद सोडला आणि एक वेगळीच कल्पना धरली.

ती कल्पना समजायला फार सोपी आहे. सायकलीच्या चाकात हवा भरताना पंपाच्या खालच्या भागाला हात लावून पाहा. तो गरम लागतो. हवा दाबली की ती तापते. डिझेल म्हणाले, पंपापेक्षा कितीतरी पट जास्त दाबली तर ती इतकी तापेल, की तिच्यात तेलाचा बारीक फवारा सोडताच तेल आपोआप पेट घेईल. ठिणगीची गरज नाही, बाहेरच्या आगीची गरज नाही, मोठा बॉयलरही नको. पेटलेला वायू दट्ट्याला ढकलेल आणि चाक फिरेल.

१८९२ साली त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळाले. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याने त्यांना जागा आणि पैसा दिला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. इंधन पेटले, पण दाब मोजणारे उपकरण फुटले आणि डिझेल थोडक्यात वाचले. इंजिन काही स्वतःच्या बळावर चालले नाही. त्यासाठी १८९४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला, आणि तेव्हाही ते अगदी थोडा वेळच चालले. पुढे तीन वर्षे नुसती दुरुस्ती, मोडतोड आणि पुन्हा जोडणी. १८९७ साली एका प्राध्यापकांनी सर्वांसमोर या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. इंधनातली सव्वीस टक्क्यांहून थोडी अधिक उष्णता कामी येते, असे दिसून आले. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त! विद्यार्थी असताना ऐकलेल्या हिशेबाला त्यांनी असे उत्तर दिले.

मोठ्या कारखानदारांकडे वाफेची प्रचंड इंजिने होती. लहान कारागिराला ती परवडत नसत. आपले इंजिन लहानही करता येईल आणि सुतार, विणकर, लोहार यांना आपापल्या गावी काम करता येईल, अशी डिझेल यांची आशा होती.

आता १९०० सालाकडे या. पॅरिसमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे डिझेल यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पण मला त्या प्रदर्शनातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथे मांडलेले एक लहान इंजिन शेंगदाण्याच्या, म्हणजे तुमच्या मूंगफलीच्या, तेलावर चालवण्यात आले. ते इतके सुरळीत चालले, की इंधन बदलले आहे हे फार थोड्या लोकांच्या लक्षात आले. ही कल्पना मूळची डिझेल यांची नव्हती, फ्रान्स सरकारची होती. आफ्रिकेत फ्रान्सच्या ताब्यातील मुलखात भुईमूग भरपूर पिकत असे. तिथे बाहेरून कोळसा किंवा तेल न नेता तिथल्याच पिकावर इंजिने चालावीत, असा सरकारचा विचार होता. डिझेल यांना मात्र तो पटला. त्यांनी नंतर स्वतः वनस्पती तेलांवर प्रयोग केले. १९१२ साली त्यांनी जाहीरपणे मत मांडले, की आज ही तेले किरकोळ वाटत असली तरी पुढे त्यांना खनिज तेलाइतके महत्त्व येऊ शकेल.

लोकांनी तेव्हा ते फारसे मनावर घेतले नाही. जमिनीतून निघणारे खनिज तेल स्वस्त आणि मुबलक होते. त्या पातळ तेलाला साजेशी इंजिने तयार झाली, आणि गंमत पाहा, त्या तेलालाच डिझेल यांचे नाव मिळाले.

डिझेल यांचे शेवटचे दिवस दुःखाचे होते. पेटंटमधून त्यांना मोठा पैसा मिळाला होता. तो चुकीच्या व्यवहारांत गेला. डोकेदुखी आणि अतिश्रमांमुळे प्रकृती ढासळली. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते इंग्लंडला जाण्यासाठी ड्रेस्डेन नावाच्या बोटीत बसले. रात्री जेवण करून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. हे कसे घडले, याचे नक्की उत्तर आजपर्यंत मिळालेले नाही.

मग शेंगदाण्याच्या तेलाचे काय झाले? वनस्पती तेल दाट असते. नव्या इंजिनात ते घातले, तर फवारा नीट उडत नाही आणि आत काजळी साचते. १९३७ साली बेल्जियममधील शाव्हान या संशोधकांनी यावर उपाय शोधला. तेलात अल्कोहोल आणि थोडे रसायन मिसळून तापवले, की ग्लिसरीन वेगळे होते आणि पातळ इंधन उरते. यालाच आज आपण बायोडिझेल म्हणतो. ते डिझेलमध्ये मिसळता येते. त्यात गंधक जवळजवळ नसते आणि धुरातली काजळी कमी होते. शिवाय ते जळताना जो कार्बन वायू बाहेर पडतो, तो त्या झाडाने आधी हवेतूनच घेतलेला असतो. एक सांगून ठेवतो: साखर कारखान्याच्या मळीपासून होणारे इथेनॉल वेगळे. ते पेट्रोलमध्ये मिसळतात.

आपल्या देशात ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवून पाहिली. त्यानंतर मोगली एरंडाची फार मोठी हवा झाली. माळरानावर तो लावा, तेल भरपूर मिळेल, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. कोरड्या जमिनीत सांगितल्याइतके बी आले नाही आणि पुष्कळांनी ती झाडे काढून टाकली. २०१८ च्या धोरणात सरकारने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे ठरवले आहे. तो पल्ला अजून बराच दूर आहे.

शेंगदाण्याचे तेल इंजिनात ओतणे आपल्याला परवडणार नाही. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून विकत घेतो. जे तेल आपल्या कालवणात हवे, ते ट्रॅक्टरला कसे द्यायचे? म्हणून न खाण्याच्या तेलांकडे पाहावे लागते. शेजारच्या कर्नाटकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर खेड्यांतली इंजिने चालवून दाखवली. कन्नड भाषेत करंजाला होंगे म्हणतात. हे झाड आपल्याकडेही नदीनाल्यांच्या काठी वाढते. त्याचे तेल कडू असते, पूर्वी ते दिव्यात जाळत. पेंड शेतात खत म्हणून चालते.

दुसरे तेल तर आपल्या हॉटेलांच्या कढईतच आहे. भजी आणि वडे तळून तळून काळे पडलेले तेल पुन्हा खाण्यात आले, तर प्रकृतीला घातक ठरते. गटारात ओतले, तर गटार तुंबते. २०१८ पासून असे तेल गोळा करून बायोडिझेलच्या कारखान्यांना देण्याची योजना देशात सुरू झाली आहे. तुमच्या गल्लीतल्या हॉटेलवाल्या चाचांना विचारून पाहा, ते आपले जुने तेल कोणाला देतात.