लोखंडाच्या पोटात काय दडलंय?
तार वाकवून बघा, वाकते तिथं कडक होते. तापवली की पुन्हा नरम! यामागचा धागा सापडला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री सॉर्बीला. जन्म १८२६ चा. विद्यापीठात कधी शिकलाच नाही. १८६३ मध्ये त्यानं पोलाद आरशासारखं घासलं, त्यावर आम्ल लावलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. आत चक्क स्फटिकांचे कण! पण जवळपास वीस वर्षं कुणी फारसं लक्षच दिलं नाही. तोही इतर संशोधनात रमला, नमुने मात्र जपले. १८८७ मध्ये त्यानं सविस्तर मांडलं: ठोकल्यानं कण ताणले जातात, तापवल्यावर त्यांच्या जागी नवे कण तयार होतात. १९०८ मध्ये तो गेला. मेटलर्जीच्या लॅबमध्ये आजही घासणं, आम्ल लावणं, बघणं हाच क्रम. तुमच्या कामाकडे कुणी बघत नाहीये? नमुने जपून ठेवा!