कॉफीवर सोनेरी साय आणणारे आकिले गाज्जा

एस्प्रेसोच्या पेल्यावर तरंगणारा सोनेरी-तपकिरी फेसाचा थर हा आज त्या कॉफीचा दागिना मानला जातो. तो दिसला नाही तर गिऱ्हाईक नाक मुरडते. मात्र 1940 च्या दशकाच्या अखेरीस मिलान शहरात हा थर प्रथम दिसू लागला, तेव्हा लोकांनी त्याकडे संशयानेच पाहिले. कॉफीवर हा कसला साका, असा त्यांचा प्रश्न होता. तो साका नसून कॉफीची साय आहे, हे त्यांच्या गळी उतरवणाऱ्या कॅफेचालकाचे नाव आकिले गाज्जा.

गाज्जा यांचा जन्म 1895 चा. मिलानमध्ये त्यांच्या कुटुंबाचे कॅफे होते आणि त्यांचे आयुष्य त्याच काउंटरमागे घडले. ते विद्यापीठातून बाहेर पडलेले अभियंते नव्हते. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून कॉफीची पारख करणारे ते व्यावसायिक होते. त्यांच्या व्यवसायाला एक जुने दुखणे जडले होते. मिलानच्याच लुइजी बेझ्झेरा यांनी 1901 मध्ये पेटंट घेतलेले आणि देसिदेरिओ पावोनी यांनी बाजारात आणलेले यंत्र इटलीभर पसरले होते. बाष्पकातील वाफेच्या रेट्याने पाणी कॉफीच्या चुऱ्यातून ढकलायचे, ही त्याची रीत. पेला झटपट भरे, पण वाफेचा दाब जेमतेम दीड बार असे. तो वाढवायचा तर पाणी आणखी तापवावे लागे आणि तापलेले पाणी व वाफ कॉफी जाळून टाकत. परिणामी पेल्यात कडवट, करपलेले पेय उतरे. वेग हवा की चव, या पेचातून सुटका नव्हती.

दाब आणि उष्णता यांची ही गाठ सोडवणे, हेच गाज्जा यांचे जीवितकार्य ठरले. पाण्याला रेटा वाफेने न देता दट्ट्याने दिला तर पाणी उकळीच्या खाली ठेवता येईल, हा त्यामागचा विचार. 1938 मध्ये त्यांनी स्क्रूच्या साह्याने दट्ट्या दाबणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. मात्र ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. क्रेमोनेसी नावाच्या मिलानमधील तंत्रज्ञाने अशाच दट्ट्यावर आधी काम केले होते आणि त्याच्या निधनानंतर त्याची पत्नी रोझेटा स्कॉर्झा हिच्याकडून गाज्जा यांनी ते हक्क मिळवले, असे कॉफीचे इतिहासकार मांडतात. शोधाचे श्रेय एकाच्या पदरात टाकण्याची जगाची सवय पाहता, या दोन नावांची आठवण ठेवणे न्यायाचे होईल.

एवढ्यात युरोपवर युद्धाचे ढग दाटून आले. 1940 मध्ये इटली युद्धात उतरली. कॉफीची आयात आटली आणि लोक चिकोरी व भाजलेल्या जवावर तहान भागवू लागले. 1943 च्या ऑगस्टमध्ये बॉम्बवर्षावाने मिलान होरपळले. कॉफीच नाही, तिथे कॉफीचे यंत्र कोण घेणार? वयाच्या पन्नाशीला आलेल्या माणसाने हा नाद सोडून दिला असता तरी कोणी दोष दिला नसता.

गाज्जा यांनी तो सोडला नाही. 1947 मध्ये त्यांनी नवे पेटंट घेतले आणि 1948 मध्ये कंपनी स्थापन केली. स्क्रूची जागा आता तरफ आणि स्प्रिंगने घेतली होती. कॅफेवाला तरफ खाली ओढे, त्यासरशी स्प्रिंग आवळली जाई आणि गरम पाणी कॉफीवर येई. तरफ सोडली की स्प्रिंग दट्ट्याला खाली रेटे आणि पाणी सुमारे 9 बार दाबाने चुऱ्यातून पार होई. वाफेच्या यंत्रापेक्षा हा दाब कितीतरी पट अधिक होता आणि पाणी मात्र उकळीच्या खाली. या दाबाखाली भाजलेल्या बियांतील कार्बन डायऑक्साइड पेयात विरघळतो, तेलाचे सूक्ष्म कण त्यात मिसळतात आणि पेल्यात उतरताच त्याचा फेस होतो. हीच ती साय. गिऱ्हाइकांचा संशय पाहून गाज्जा यांनी तिलाच जाहिरात बनवले. ही कॉफीची नैसर्गिक साय आहे आणि ती वाफेविना तयार होते, असे ते ठासून सांगू लागले. ज्याला दोष म्हणून हिणवले जात होते, तेच गुणवत्तेचे लक्षण ठरले.

यंत्रे बनवून घेण्यासाठी त्यांनी फाएमा कंपनीच्या एर्नेस्टो व्हालेंते यांच्याशी हातमिळवणी केली, पण ती टिकली नाही. गाज्जा यांना आपले यंत्र मोजक्या उंची कॅफेंचे भूषण म्हणून हवे होते, तर व्हालेंते यांना ते स्वस्त करून सर्वदूर न्यायचे होते. पुढे व्हालेंते यांनी 1961 मध्ये विजेच्या पंपावर चालणारे ‘ई-61’ यंत्र आणले आणि तरफ ओढण्याचे श्रमही संपवले. त्याच वर्षी गाज्जा यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या यंत्रांनी इटलीची सीमा ओलांडली होती. लंडनच्या सोहो भागात 1953 मध्ये उघडलेल्या ‘मोका बार’मध्ये त्यांचेच यंत्र होते.

उंची कॅफेंचा ध्यास घेतलेल्या या माणसाच्या कंपनीने 1950 च्या दशकात घरगुती यंत्रही काढले आणि रिटा हेवर्थच्या गाजलेल्या चित्रपटावरून त्याचे नाव ठेवले ‘गिल्डा’. स्वयंपाकघरातल्या एस्प्रेसोची वाट अशा यंत्रांनी मोकळी केली.

आज स्वस्तातले घरगुती यंत्र घेणाऱ्याला गाज्जा यांचा पेच पुन्हा भेटतो. पंप नसलेले, केवळ वाफेवर चालणारे यंत्र 1901 च्याच तत्त्वावर काम करते. त्यातून खरी साय निघत नाही. पंपाच्या यंत्रावर 15 बार असे मिरवलेले असते, पण कॉफीवर प्रत्यक्षात सुमारे 9 बार दाब पुरतो. उरलेले काम माणसाचे. बिया ताज्या भाजलेल्या हव्यात, कारण शिळ्या बियांतून वायू निघून गेलेला असतो. दळण बारीक आणि एकसारखे हवे, नाहीतर पाणी अडसराविना निसटते आणि दाब तयारच होत नाही. यंत्र, कॉफीचे भांडे आणि पेला आधी तापवून घ्यावेत. साधारण 7 ग्रॅम चुऱ्यातून 25 ते 30 सेकंदांत 25 ते 30 मिलिलिटर कॉफी उतरावी. फार लवकर उतरली तर दळण आणखी बारीक करावे, थेंबथेंब रखडली तर थोडे जाड. महागड्या यंत्राआधी चांगल्या ग्राइंडरवर खर्च करणे शहाणपणाचे.

मिलानच्या त्या कॅफेचालकाने आयुष्य वेचून एवढेच सिद्ध केले की, चांगली कॉफी अधिक आगीने होत नाही, नेमक्या दाबाने होते. उद्या सकाळी पेल्यावर सोनेरी साय जमली, तर त्यात आकिले गाज्जा यांच्याबरोबर विस्मृतीत गेलेल्या क्रेमोनेसींचाही वाटा आहे, हे ध्यानात असावे.