कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापुरातील एका कारागिराच्या घरी ३ जून १८९० रोजी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु रंग, लाकूड आणि धातू यांची जाण उपजत. बंधुतुल्य आनंदरावांसह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत आणि त्यातूनच ‘पेंटर’ हे नाव रूढ झाले. दोघांनाही चलच्चित्राचा ध्यास लागला होता. पण १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतः कॅमेरा घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

ही कंपनी म्हणजे एक कुटुंबच होते. बाबूराव लेखी संहितेपेक्षा रेखाटनांवर विसंबत. पात्राची वेषभूषा आणि हालचाल ते आधी कागदावर उतरवीत. दामले यंत्रे सांभाळत, फत्तेलाल रंग व देखावे पाहत. आणि १९२० मध्ये आलेले शांताराम वणकुद्रे पडेल ते काम करीत शिकत होते. कुणाचेही काम हलके मानले जात नसे.

या सामूहिक साधनेचे खरे फळ १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये दिसले. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात ना देव होते, ना राजे. सावकाराच्या कपटाने जमीन गमावून शहरात गिरणीमजूर झालेला शेतकरी हाच त्याचा नायक. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. अंधुक प्रकाशातील झोपडी आणि रडणारे कुत्रे एवढ्यावर त्यांनी दारिद्र्याची कळा उभी केली. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र चित्रपटाचे फारसे स्वागत केले नाही. बाबूरावांना पुन्हा जुन्याच विषयांकडे वळावे लागले.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी कंपनी सोडली आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ स्थापन केली. बाबूरावांच्या दृष्टीने हा आघात मोठाच होता. तथापि त्यांनी लावलेले बीज वाया गेले नाही. ‘संत तुकाराम’मधील साधा संसार आणि आपट्यांच्याच कादंबरीवरील ‘कुंकू’ ही त्याच शाळेची फळे होत.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले. मूळ ‘सावकारी पाश’ आज पाहावयास मिळत नाही. पण सामान्य माणसाचे जगणे पडद्यावर मांडण्याचे धैर्य मराठी चित्रसृष्टीला त्यांनीच दिले.