मिसिसिपीकाठचा लेखनिक

मेम्फिस हे अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मिसिसिपी नदीकाठचे शहर. कापसाचा बाजार ही त्याची पहिली ओळख. बील स्ट्रीटवरचे ब्लूज संगीत ही दुसरी, आणि तीच जगभर पोहोचली. या संगीताचे जनक म्हणून विल्यम ख्रिस्तोफर हँडी यांचे नाव घेतले जाते. हे बिरुद कितपत यथार्थ आहे, याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच सापडते.

हँडी यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८७३ रोजी अलाबामातील फ्लॉरेन्स येथे, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील धर्मोपदेशक. मुलाने पैसे साठवून गिटार आणली, तेव्हा वडिलांनी ती परत करावयास लावून तिच्या मोबदल्यात शब्दकोश आणविला. मुलाने मग कॉर्नेट हे फुंकवाद्य चोरून आत्मसात केले. तारुण्यात सेंट लुईस येथे निष्कांचन अवस्थेत नदीच्या फरसबंद धक्क्यावर त्यांनी रात्री काढल्या. पुढे हंट्सव्हिलच्या महाविद्यालयात काही काळ अध्यापनही केले.

१९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातील टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहत असता, फाटक्या वस्त्रांतील एक कृष्णवर्णीय इसम गिटारच्या तारांवर सुरी दाबून गाताना त्यांना दिसला. एकच ओळ तो पुनःपुन्हा आळवीत होता. शिक्षित संगीतकाराने ज्याकडे दुर्लक्ष करावे असे ते गाणे हँडींच्या मनात मात्र घर करून राहिले. भारतीय परिभाषेत सांगावयाचे तर गंधार आणि निषाद किंचित उतरवून लावण्याची ही धाटणी शेतमजुरांत व हमालांत रुळलेली होती. हँडींनी ती स्वरलिपीत बांधली.

१९०९ मध्ये मेम्फिसच्या महापौरपदाच्या निवडणुकीत एडवर्ड क्रम्प यांच्या प्रचारासाठी त्यांनी केलेली धून १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे हक्क त्यांनी अवघ्या १०० डॉलरना विकले. धून गाजली, पैसा दुसऱ्यांनी मिळविला आणि हक्क परत हाती येण्यास १९४० साल उजाडले. या ठेचेने ते शहाणे झाले. हॅरी पेस यांच्या भागीदारीत त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था चालविली आणि १९१४ ची ‘सेंट लुईस ब्लूज’ ही रचना आपल्याच मालकीची ठेवली. १९२५ मध्ये बेसी स्मिथ यांनी ती लुई आर्मस्ट्राँग यांच्या कॉर्नेटच्या साथीने ध्वनिमुद्रित केली. तिच्या उत्पन्नाने हँडींना अखेरपर्यंत आधार दिला.

उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी गेली. २८ मार्च १९५८ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले आणि १९६० मध्ये बील स्ट्रीटवर त्यांचा पुतळा उभा राहिला.

येथे एक प्रश्न उरतोच. १०० डॉलरचा अन्याय ज्यांनी सोसला, त्यांनी जे लिहून घेतले ते तरी कोणाचे होते? टटवायलरच्या त्या गायकाला ना मानधन मिळाले, ना नाव. कागदावर उतरते त्याला मालक लाभतो. कंठात राहते ते सर्वांचे, म्हणजे कोणाचेच नाही, असे कायदा मानतो. हँडींचा मोठेपणा असा की, १९४१ च्या आत्मचरित्रात त्यांनी त्या अनामिकाची आठवण स्वतःच नोंदविली. ती नसती, तर तो इसम जगाला अज्ञातच राहिला असता. म्हणून हँडींना जनक म्हणण्यापेक्षा प्रामाणिक लेखनिक म्हणणे अधिक न्याय्य ठरेल, आणि त्यात त्यांचा गौरव तिळमात्र उणावत नाही.