योग्य क्षणाचा साधक : निकोलाउस ओटो

आपल्या गोव्यात मोटारसायकलवरून उतारूंची ने-आण करणाऱ्यास ‘पायलट’ म्हणतात. नाक्यावर उभा असलेला पायलट गिऱ्हाईक येताच गाडी सुरू करतो आणि क्षणात दिसेनासा होतो. त्या गाडीच्या इंजिनात चार कामे ठरलेल्या क्रमाने अखंड चाललेली असतात. हा क्रम लोखंडात उतरवून जगास उपयोगी करून देणारा पुरुष कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयाची पायरी चढला नव्हता. तो होता एका किराणा व्यापाऱ्याचा फिरता विक्रेता. त्याचे नाव निकोलाउस ऑगस्ट ओटो.

१८३२ साली जर्मनीतील नासाऊ प्रांतातल्या होल्त्सहाउझेन या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील तेथील टपालाचे काम पाहत आणि एक खाणावळही चालवीत. पोर पाळण्यात असतानाच त्यांचे निधन झाले. निकोलाउस शाळेत हुशार होता. परंतु १८४८ च्या सुमारास देशात धामधूम माजली, व्यापार मंदावला आणि त्याचे शिक्षण सुटले. चहा, कॉफी, साखर यांच्या व्यापारात तो शिकाऊ म्हणून शिरला. पुढे फ्रँकफुर्ट आणि मग कोलोन या शहरांतील व्यापाऱ्यांसाठी तो मालाचे नमुने घेऊन गावोगाव हिंडू लागला.

कोलोनमध्ये आपल्याकडील कार्निव्हलसारखाच उत्सव दर वर्षी साजरा होतो. १८५८ च्या उत्सवात त्याची आन्ना गोसी या तरुणीशी भेट झाली आणि दोघांनी विवाह करण्याचे ठरविले. हा विवाह प्रत्यक्षात होण्यास दहा वर्षे लागली. कारण मधल्या काळात ओटोच्या डोक्यात एका यंत्राने घर केले.

१८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार याने कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन सिद्ध केले होते. वाफेच्या इंजिनास भट्टी हवी, बाष्पपात्र हवे. लहान कारागिराला ते परवडत नसे. लेन्वारच्या इंजिनाने ही अडचण दूर केली खरी, पण ते फार वायू खाई. ओटोने एका यंत्रकाराकडून तशाच धर्तीचे छोटे इंजिन करवून घेतले. त्यावर प्रयोग करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली. सिलिंडरात घेतलेले वायू आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने आधी दाबले आणि मग पेटविले, तर जड चाक नुसत्या एका धक्क्याने कितीतरी फेरे फिरत राहते! १८६२ मध्ये त्याने या तत्त्वावर चार सिलिंडरांचे इंजिन उभारले. पण स्फोटाचे धक्के इतके जबर बसले की यंत्र थोड्याच अवधीत खिळखिळे होऊन निकामी झाले. विक्रेत्याची पुंजी ती किती! ती या प्रयोगांत आटत चालली.

अशा वेळी १८६४ मध्ये त्याला ऑयगेन लांगेन हा सुशिक्षित आणि सधन भागीदार भेटला. दोघांनी मिळून कारखाना काढला. अंतर्ज्वलन इंजिने बनविणारा जगातील पहिला कारखाना तो हाच, असे मानले जाते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या इंजिनास सुवर्णपदक मिळाले. कारण ते लेन्वारच्या इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी वायूत तेवढेच काम करी. पुढील वर्षी आन्नाशी विवाह झाला. मात्र हे इंजिन उंचच उंच असे, त्याचा खडखडाट असह्य होई आणि सुमारे तीन अश्वशक्तींपलीकडे त्याची मजल जात नसे. ओटोच्या मनातून ते जुने, मोडलेले इंजिन गेले नव्हते.

१८७६ साली, पहिल्या अपयशानंतर चौदा वर्षांनी, तो त्या विचाराकडे परतला. या वेळी त्याने सारे काम दट्ट्याच्या चार धावांत वाटून दिले. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जाऊन मिश्रण आत ओढतो. दुसरीत वर येऊन ते दाबतो. तिसरीत पेटलेले मिश्रण त्याला खाली ढकलते आणि हीच एक धाव काम देणारी. चौथीत तो वर येत जळका धूर बाहेर घालवितो. चार धावा म्हणजे मुख्य दांड्याचे, क्रँकशाफ्टचे, दोन फेरे. पण झडप मात्र या दोन फेऱ्यांत एकदाच उघडायची. म्हणून ओटोने बाजूला दुसरा दांडा बसविला आणि दात्यांच्या चाकांनी त्याची गती बरोबर निम्मी केली. आजच्या इंजिनातील कॅमशाफ्ट निम्म्या गतीने फिरतो, तो याच हिशेबाने.

ते इंजिन मिनिटास सुमारे १८० फेरे घेई. म्हणजे एका धावेस सेकंदाचा सहावा भाग मिळे. आजची मोटारसायकल मिनिटास सहा हजार फेरे सहज घेते. तेथे एका धावेस सेकंदाचा दोनशेवा भागच उरतो. एवढ्या अवधीत झडप थोडी लवकर अथवा थोडी उशिरा उघडली, तर सारी शक्ती वाया जाते. म्हणून प्रत्येक क्षण अंशांत मोजतात. आणि मोजणी सुरू करायची तर आधी शून्य अंश सापडला पाहिजे. दट्ट्या सर्वांत वर पोहोचतो ते स्थान म्हणजे हे शून्य. मेस्त्री त्याला टॉप डेड सेंटर, म्हणजे वरचा मृत बिंदू, म्हणतात. सायकलचे पायडल अगदी माथ्यावर असताना त्यावर सरळ खाली कितीही जोर दिला तरी चाक फिरत नाही; तसेच येथेही असते, म्हणून तो ‘मृत’.

हा बिंदू शोधणे सोपे वाटते, पण तसे नाही. एका गॅरेजमध्ये आम्ही हे काम जवळून पाहिले. माथ्यावर पोहोचलेला दट्ट्या जणू थबकतो. दांडा एक-दोन अंश इकडे-तिकडे झाला तरी दट्ट्या केसाच्या जाडीइतकाही हलत नाही. डोळ्यांनी पाहून नेमका माथा कळणार कसा? मेस्त्रीने क्रँकशाफ्टवर अंशांची तबकडी बसविली आणि तिच्यापाशी एक तारेचा काटा पक्का केला. मग स्पार्क प्लग काढून त्या जागी एक अडसर पिळून बसविला, जेणेकरून दट्ट्या माथ्याच्या थोडा अलीकडेच अडावा. हाताने हळूच एका दिशेने फिरवून दट्ट्या अडला तेथील अंश टिपला, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूचा टिपला. एका बाजूस २४, दुसऱ्या बाजूस ३०. त्याने तबकडी तीन अंश सरकवली, तेव्हा दोन्हीकडे २७ आले. या दोहोंचा मध्य तोच खरा शून्य! अडसर काढून मगच त्याने पुढचे काम हाती घेतले.

कॅमशाफ्टची परीक्षाही त्याने याच रीतीने केली. झडप पुरती उघडते तेव्हा तीही क्षणभर थबकल्यासारखी दिसते. म्हणून पूर्ण उघडण्याआधी आणि नंतर ती सारख्याच उंचीवर असतानाचे अंश त्याने मापकावरून टिपले. शून्यानंतर ६६ आणि १४६ आले, तर मध्य १०६. हा आकडा इंजिन बनविणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी जुळला की काम चोख. न जुळल्यास कॅमशाफ्टचे चाक हवे तितके सरकवून पुन्हा मोजायचे. जे स्थान थेट दिसत नाही, ते दोन्ही बाजूंनी सारखे मोजून शोधायचे, हा धडा आम्हांस त्या दिवशी मिळाला.

ओटोच्या इंजिनाने वाफेच्या लहान इंजिनांची सद्दी संपविली. १८८२ साली वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाने शाळा सुटलेल्या या माणसास सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८८४ मध्ये त्याने विजेच्या ठिणगीने मिश्रण पेटविण्याची नवी युक्ती काढली. त्यामुळे वायूच्या नळापासून सुटका होऊन द्रव इंधन वापरता येऊ लागले. पण याच सुमारास आघातही झाला. बो द रोशा या फ्रेंच गृहस्थाने १८६२ मध्येच चार धावांचा क्रम एका पुस्तिकेत मांडला होता. त्याने इंजिन मात्र बांधले नव्हते. या पुस्तिकेच्या आधारे प्रतिस्पर्ध्यांनी खटला लढविला आणि जानेवारी १८८६ मध्ये जर्मनीत ओटोचे चार धावांवरील पेटंट रद्द झाले. त्याच महिन्यात कार्ल बेन्झ याने आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीचे इंजिन चार धावांचेच होते! ज्या कल्पनेवर सारे आयुष्य वेचले, ती आता कोणीही वापरावी अशी झाली. ओटोच्या मनास ही गोष्ट फार लागली. २६ जानेवारी १८९१ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, कोलोन येथे त्याचे निधन झाले.

न्यायालयाने हक्क काढून घेतला. नाव मात्र कोणास काढून घेता आले नाही. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत त्या चार धावांच्या चक्रास आजही ओटो चक्र म्हणतात आणि जर्मन भाषेत पेट्रोल इंजिनाचे नावच ओटोमोटर आहे. आता रस्त्यांवर विजेच्या गाड्या येत आहेत. उद्या कदाचित हे इंजिन संग्रहालयात जाईल. तरीही ओटोपासून घेण्यासारखे एक उरेलच. १८६२ मध्ये त्याचे यंत्र मोडले, त्याचा विचार मोडला नाही. त्याच विचारास योग्य क्षण देण्यासाठी त्याने चौदा वर्षे वाट पाहिली. आणि ती वाट त्याने हातांवर हात ठेवून नव्हे, तर काम करीत पाहिली. मुलांनो, परीक्षेत एखादे वर्ष हुकले अथवा एखादा प्रयोग फसला, तर या किराणा विक्रेत्याची आठवण ठेवा. कोठे चुकले ते दोन्ही बाजूंनी मोजा, आपला शून्य अंश शोधा आणि तेथून पुन्हा आरंभ करा.